पुतळाबाईंना दिलेले डोळे

४ फेब्रुवारी, पाटस
सडा घातला, डेअरीत दूध घातलं, पोरीचा, अंकिताचा डबा बांधला, अंघोळीचं पाणी तापवलं आणि हाक मारली, पण आमचे मालक, सर्जेराव, उठलेच नाहीत. न्हावऱ्याच्या घरातली ती सकाळ अजून सरत नाही. आज इथं तशीच कामं उरकून पगाराच्या कामाला लागले. हौशीराममामांचा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाइकाचा पदर नीट करायचा, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगायची. मामा म्हणाले, आधी माणसाला बोलतं करा, मगच चेहरा हाती येतो. हे फार आवडलं. अंकितानं येताना जिलबी आणली.

११ फेब्रुवारी
कासुर्डीचा सत्यजीत आला. त्याची आई, पुतळाबाई, परवा गेली. दशक्रियेला फोटो हवा होता. होता तो एकच, त्यात डोळे मिटलेले. असं झालं की मामा दुसऱ्याचे डोळे कॉम्प्युटरवर बसवतात. वयाला माझेच जुळले. ते माझा फोटो काढायला लागले तर मला हसू आवरेना. मामा ओरडले, "सिंधूताई, मेलेलं माणूस दात काढतं व्हय?"
फ्रेम बघून सत्यजीत रडला. म्हणाला, आई माझ्याकडंच बघतीय.

२० फेब्रुवारी
दुपारी डोळे मिटले तर समोर अनोळखी खोली. हिरवी भिंत, टीव्ही, लसूण सोलणारी बाई. मी उंचावरून बघत होते. नजरेच्या कडेला झेंडूचा हार. मग सत्यजीत आला आणि माझ्याकडे बघून त्यानं हात जोडले.

२३ फेब्रुवारी
आता उघड्या डोळ्यांनीही तीच खोली. अंकिता समोर बसून बोलते, पण तिच्या तोंडाच्या जागी टीव्ही. "आई, माझ्याकडं बघ की!" डॉक्टर म्हणतात, नजर चांगली आहे. मामा म्हणतात, पुस्तकं कमी वाचा. हे चाचपडत लिहितेय.
सर्जेरावांचं तोंड आठवणीत तरी आहे. पोरीचं—

२५ फेब्रुवारी
अंकिताचा हात धरून कासुर्डीला गेले. फ्रेम मागितली, नवी करून देते म्हटलं. सत्यजीत उखडला. आईला घरातनं काढू व्हय, मावशी?
तेवढ्यात भिंतीवरच्या फ्रेममधनं मला मीच दिसले. खाली, तोंड वर केलेली म्हातारी. शेजारी अंकिता. तिच्या हनुवटीवरचा तीळ. किती वाळलीय—
निघताना त्याची बायको राजनंदिनी कानाशी म्हणाली, सासूबाईंची नजर अंगावरनं हलत न्हाई. उद्या हे कारखान्यावर जात्याल, तवा या.

२६ फेब्रुवारी
फ्रेम आणली. राजनंदिनीनंच उतरवून दिली. पदराखाली झाकली, तर वाटभर काळोख.
घरी मांडीवर घेतली, अंकिताकडे वळवली. दिसली. सगळी दिसली. तीळ, टिकली—
ती माझ्याकडे बघत नाही. फ्रेमकडे बघते. आई, म्हणाली.
मी ओ दिली. ती फ्रेममधनं आली. माझं तोंड तर मिटलेलं—