पाठीवरची ऊब

पळसदरी, जुलै १९७१, मंगळवार

रत्ना आता झोपली आहे. ताप उतरलाय, तरी पुन्हा पुन्हा कपाळाला हात लावून बघते.

जुन्या लुगड्याची झोळी मीच शिवली, तिला पाठीशी बांधून भाताच्या लावणीला जाता यावं म्हणून. आज दिवसभर ती पावसासाठी पाठीवर घेतलेल्या इरल्याखाली गप्प होती. बाया म्हणाल्या, "काय गुणी पोर हाय गं तुजी!" मी फुशारले. पावसाने अंग गारठलं होतं आणि पाठीला तिची ऊब लागत होती. बरं वाटत होतं. ती ऊब तापाची होती, हे मला कळू नये? आई ना मी?

संध्याकाळी झोळी सोडली, तर पोरीने मान टाकलेली. ह्यांनी तिला उचलून कर्जतला डॉक्टरकडे पळवलं. सुई दिल्यावर कितीतरी वेळाने ती रडली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

घरी आलो तर शेजारची शेवंता कापड घेऊन दारात. तिलाही तिच्या पोरासाठी तशीच झोळी हवी. मी म्हटलं, "शिवते. पण दर बांधाला पोराला सोडायचं आणि तोंड बघायचं."

"सासू वरडंल गं, काम ऱ्हातं म्हनून."

"वरडू दे."

माझ्यावर मात्र आज कुणीच ओरडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ताप काय सांगून येतो?" आणि ताटात भाकरी वाढली. कुणी रागाचा एक शब्द जरी बोललं असतं, तर ती भाकरी घशाखाली उतरली असती.