अर्दियापलीकडचं कमाल वर्तुळ

५ डिसेंबर १९५९, शनिवार
नवी डायरी. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यात नव्या कमालला जागा नाही. कालपर्यंत मी एका कंत्राटी कंपनीत स्टोअरकीपर होतो. आजही आहे, पण फक्त कागदोपत्री.

घडलं ते असं. कुवेत शहराबाहेर, अर्दियाच्या पलीकडे उघड्या वाळवंटात कंपनीनं नवं पाइप-यार्ड टाकलंय. पाइप मोजायला मला पाठवलं. दुपारी शमाल, म्हणजे इकडचा वाळूचा वारा, सुटला, डब्यात वाळू यायला लागली, म्हणून आडोसा शोधत मैलभर चाललो. तर समोर दगडांचा बांध! गुडघाभर उंच, लांबट गोल. चौदा पावलं लांब, नऊ पावलं रुंद. एका बाजूला आत शिरायला फट आणि बरोबर तिच्यासमोर बांध पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला. आसपास कुठे दुसरा दगड औषधालाही नाही.

बांधाला टेकून डबा उघडला. तिसऱ्या घासाला लक्षात आलं की हे प्रागैतिहासिक आहे.

६ डिसेंबर
बायकोला, असमाला, सांगितलं. ती बांगडा तळत होती. म्हणाली, बरं झालं, वाऱ्याला आडोसा तरी मिळाला. बायकांना कालगणना समजावणं अवघड आहे.

संकल्प: रोज एक तास अभ्यास. चहा दोनच वेळा. नझीरला एक अक्षर सांगायचं नाही.

नझीर म्हणजे असमाचा थोरला भाऊ. कंपनीत ड्रायव्हर. दहा वर्षं कुवेतची वाळू तुडवतोय आणि एकदा खाली वाकून बघितलं असेल तर शपथ. अशा माणसाला शोध कळला की तो खैतानच्या चहाच्या दुकानात पोचलाच म्हणून समजा.

११ डिसेंबर, शुक्रवार
फैलका बेटावर डेन्मार्कचे लोक खणतायत. त्यांच्याकडे बोट, तंबू, कॅमेरे. माझ्याकडे सायकल. फरक एवढाच.

आज नीट तपासणी केली. लिहून ठेवतो. दगडांची रचना ओळखीची वाटली. मोठा दगड खाली, लहान वर, फटीत चिपा ठोकलेल्या, माती नाही, चुना नाही. मग डोक्यात वीज चमकली. हा आमच्या रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचा गडगा! आंब्याच्या कलमांभोवती आमचे लोक घालतात, हुबेहूब तसा. याचा अर्थ एकच. पाच हजार वर्षांपूर्वी रत्नागिरीहून माणसं इथे आली होती. डेन्मार्कवाल्यांना हे सात जन्मांत समजणार नाही, कारण त्यांनी गडगा बघितलेला नाही.

आनंदानं अंगावर काटा आला. थंडीही होती.

१२ डिसेंबर
पहिल्यांदा मलाही वाटलं होतं की ही वाटसरूंची मशीद असावी. पोट सुटलेला भाग म्हणजे मेहराब, इमामाची जागा. कुणालाही वाटेल. पण मी पुराव्यानं चालणारा माणूस. किबला, म्हणजे नमाजेला तोंड करायची दिशा, पश्चिमेला. आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे. ते पोट मात्र पश्चिमेला नाही, चांगलंच डावीकडे सरकलंय. काल मी आत उभा राहून असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज पढलो, अर्थातच पश्चिमेकडे तोंड करून, तर तो बांध मला सबंध तिरका पडला. अख्खी मशीद एवढी तिरकी कोण बांधेल?

तशी आमच्या हवल्लीच्या गल्लीतली मशीदही थोडी तिरकीच आहे. शुक्रवारी जुम्म्याला जातो तेव्हा जाणवतं. कंत्राटदाराची चूक असणार. बोललो नाही कुणाला, उगाच एखाद्याची रोजी कशाला घालवा.

म्हणून मशीद बाद.

१७ डिसेंबर
काल स्टोअरमधलं होकायंत्र 'टेस्टिंगसाठी' म्हणून घेतलं. पोटाची दिशा दोनशे पंचवीस अंश. नैर्ऋत्य, बरोब्बर मध्यावर. आदिमानवाला एवढी अचूकता कुठून आली?

रात्री झोप नाही. सकाळी उत्तर मिळालं. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो! हे सूर्यमंदिर आहे. बावीस डिसेंबरला, सर्वांत लहान दिवशी, सूर्य बरोबर त्या पोटात मावळणार.

लैलाला सांगितलं. वय वर्षं दहा. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. म्हणाली, "इट इज जस्ट स्टोन्स, पापा." शाळा बदलायला हवी.

२२ डिसेंबर, मंगळवार
ऑफिसात पोटदुखी कळवली. चारलाच जागेवर हजर. आकाश स्वच्छ.

सूर्य पोटाच्या उजवीकडे मावळला. थोडासा उजवीकडे. म्हणजे हात लांब करून मोजलं तर एक वीत.

२३ डिसेंबर
पाच हजार वर्षांत सूर्य सरकला असणार. वितीला किती वर्षं, हा हिशेब मांडला तर वर्तुळाचं वय आपोआप निघेल. कालचा प्रयोग फसला म्हणणाऱ्याला विज्ञान समजलेलंच नाही. पोट आज खरंच दुखतंय.

२९ डिसेंबर
दगड आले कुठून, हा प्रश्न छळतोय. एकंदर नऊशे बारा दगड (दोनदा मोजले, दुसऱ्यांदा आठशे सत्त्याण्णव आले, सरासरी लिहिली नाही, पहिला आकडा जास्त शास्त्रीय वाटला). जवळपास खाण नाही. मग एवढा भार इथवर ओढला कसा? उंटावरून? त्या काळी उंट माणसाळला होता का? बघायला हवं. बहुधा लाकडी ओंडक्यांवरून घरंगळत आणले. ओंडके कुठून? कोकणातून. सगळं जुळतंय.

नझीर जेवायला आला होता. विचारत होता, कमालभाय, दर जुम्म्याला सायकल घेऊन जातोस तरी कुठं? यार्डाकडं? मलापन दाखव. विषय बदलून कालवणाकडे नेला. असमा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

३ जानेवारी १९६०
म्युझियमला पत्र. इंग्रजीत, सात पानं. शीर्षक 'द कमाल सर्कल'. स्वतःचं नाव देणं शोभत नाही, पण शास्त्रात तशी पद्धतच आहे म्हणतात. लैलानं स्पेलिंग तपासलं. म्हणाली, मी सगळीकडे 'प्रीहिस्टेरिक' लिहिलंय. आशय तोच.

शेवटी नम्रपणे लिहिलं की मी असिस्टंटच्या जागेचा स्वीकार करायला तयार आहे. जागा आहे की नाही ते विचारलं नाही. समोरच्याला संकोच वाटला असता.

१२ जानेवारी, मंगळवार
उत्तर आलं!!! उस्ताद अशरफ नावाचे साहेब गुरुवारी, एकवीस तारखेला, स्वतः जागा बघायला येणार. इजिप्तचे आहेत. म्हणजे पिरॅमिडांच्या देशाचा माणूस माझ्या वर्तुळाला भेट देणार.

असमाला म्हटलं, आता स्टोअरकीपरची बायको म्हणवून घेऊ नकोस. तिनं विचारलं की मग काय म्हणवून घेऊ. ते अजून ठरायचं आहे.

१३ जानेवारी
राजीनामा लिहिला. म्युझियमवाले विचारणार, कधीपासून येता? तेव्हा 'एका महिन्याची नोटीस आहे' असं म्हणणं कमीपणाचं. नोटीस आजच सुरू झालेली बरी. लिफाफा नझीरकडे दिला. तो रोज हेड ऑफिसला गाडी नेतो. सांगितलं, मुदीरसाहेबांच्या हातात दे. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर.

लिफाफा दिल्यावर हिशेब मांडला. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, इकामा गेला की असमा आणि लैला परत कर्ल्याला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कुठे त्यांना इथे आणता आलं. दोनच वर्षं झाली एका छपराखाली राहून. पण म्युझियम इकामा देईलच. मोठ्या माणसांनी असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकायचं नसतं.

२० जानेवारी
सूट इस्त्री केला. असमाला म्हटलं, उद्या तुझ्या नवऱ्याचा दिवस. ती म्हणाली, "सांभाळून जावा, वारा हाय." उस्तादांची गाडी नादुरुस्त आहे, त्यामुळे नाइलाजानं नझीरची पिकअप सांगावी लागली. ताकीद दिली आहे की तिथे तोंड उघडायचं नाही.

२१ जानेवारी, गुरुवार
आज लिहिण्यासारखं विशेष काही घडलं नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार
कालचं लिहितो. कुणी वाचणार नाही, तर खोटं कुणाशी बोलायचं?

उस्ताद अशरफ जाड चष्म्याचे, मृदू बोलणारे गृहस्थ. सोबत त्यांचा शिपाई. मी फटीपाशी उभं राहून भाषण सुरू केलं. ओंडक्यांपर्यंत आलो असेन, एवढ्यात नझीर गाडी लावून मागून आला आणि ताकीद विसरून ओरडला, "ह्यो तं आमचाच गडगा! त्रेपन साली आमीच रचलाय ना!"

मी त्याला डोळ्यांनी दटावलं. पण तो आता थांबणार होता थोडाच? मोडक्यातोडक्या अरबीत उस्तादांना सांगत सुटला. त्रेपन्न साली पाइपलाइनचं काम इथनं चाललं होतं. गँगमध्ये बाराजण, सगळे रत्नागिरीकडचे. नमाजेत कपाळ टेकलं की वारा तोंडात वाळू मारायचा, म्हणून कंपनीच्या ट्रकमधून भरावाचे दगड आणून दोन जुम्म्यांत गडगा घातला. किबला त्यांच्या बदू, म्हणजे वाळवंटी टोळीतल्या, मुकादमानं काठीनं आखून दिली. नझीरनं एक चपटा दगडसुद्धा दाखवला, त्यावर वहाणा ठेवायचे. त्याच दगडाला मी पत्रात 'बळीचा पाट' म्हटलं आहे. पान चार.

मी शेवटचा प्रयत्न केला. उस्तादांना म्हटलं, पण ही दिशा बघा, ही किबला कशी असेल? त्यांनी विचारलं, तुमच्या मते किबला कुठे? मी ठामपणे पश्चिमेला हात केला. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, कमालसाहेब, हिंदुस्तानातून मक्का पश्चिमेला, ते खरं. पण तुम्ही समुद्र ओलांडून वर आलात. इथून ती नैर्ऋत्येला. तुम्ही दाखवताय तिकडे कैरो आहे. माझी आई राहते तिथे. फार नेक बाई आहे, पण तिच्याकडे तोंड करून नमाज पढावी इतकी नव्हे.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे गल्लीतली मशीद सरळच आहे. तिरका मीच.

असरची वेळ झाली होती. उस्ताद त्या पोटात उभे राहिले, मागे नझीर आणि शिपाई. जागा अगदी मापात. मी नझीरशेजारी उभा राहिलो आणि पहिल्यांदा त्या बांधात सरळ उभा राहिलो. सज्द्यात कपाळ टेकल्यावर एकच विचार छातीवर येऊन बसला. कुवेतला आल्याच्या दिवशी असमानं विचारलं होतं की किबला कुठली. मी खिडकीबाहेर मावळता सूर्य दाखवून म्हटलं होतं, ही. दोन वर्षं. रोज पाच वेळा. तेही दोन रमजान धरून.

आणि राजीनामा.

नमाजेनंतर गाडीनं परत आलो. उतरताना उस्तादांनी हात हातात घेतला. म्हणाले, तुमचं मोजमाप उत्तम आहे, कोन अगदी अचूक. जागा मात्र म्युझियममध्ये नाही.

२३ जानेवारी, शनिवार
सकाळी सातला मुदीरसाहेबांच्या दारात. चार पानी माफीनामा पाठ केला होता. आत गेलो, म्हटलं, साहेब, तो राजीनामा मागे घेण्याची परवानगी द्यावी. साहेब म्हणाले, कुठला राजीनामा? तुमची पाइपांची मोजणी अजून आली नाही, ती आधी द्या.

दहा दिवस नोटीस भोगतोय असं समजून मी स्टोअरमध्ये जड पावलांनी फिरत होतो. दोघांना तर निरोपाचं भाषणही ऐकवलं होतं.

नझीरला गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला की लिफाफा त्यानं दिलाच नाही. इंग्रजी वाचता येत नाही, पण माझा चेहरा बघून त्याला शंका आली, म्हणून त्याच दुपारी तो घरी असमाकडे गेला. लैलानं वाचून दाखवलं. असमानं लिफाफा ठेवून घेतला आणि भावाला जा म्हणाली.

घरी आलो. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गडगा, त्रेपन्न साल, उस्तादांची आई. मग मान खाली घालून म्हटलं, असमा, किबला मी चुकीची दाखवली. दोन वर्षांच्या तुझ्या सगळ्या नमाजा माझ्या मानेवर.

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "मना ठावं हाय."

वरच्या मजल्यावरची कुबरा म्हणे दुसऱ्याच दिवशी सांगून गेली होती. त्या दिवसापासून असमा नैर्ऋत्येलाच पढते. मी घरात असलो की आतल्या खोलीत दार लावून. मी चिडलो. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? दोन वर्षं मी एकटाच कैरोकडे वाकतोय!

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, तुम्ही मशिदीत जाता, आज ना उद्या तुम्हाला कळेल असं वाटलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमी येवढ्या खात्रीनं हात केलात. नऊ वर्षं नुसती पत्रं येत व्हती. पयल्यांदाच माज्या शेजारी उभं राहून तुमी मना कायतरी दाखवत व्हतात. कसा बोलाचा?"

डोळे भरून आले, तेवढ्यात लैला आली आणि म्हणाली, "पापा, आर यू क्राइंग?" वाळू गेली म्हटलं. ती म्हणाली, आज वारा नाही.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. असमानं समोरच्या खोलीत दोन जानमाज अंथरल्या, एक पुढे, एक मागे, आणि मला पुढे व्हायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि नेमका पश्चिमेला वळलो. तिनं मागून माझे दोन्ही खांदे धरले आणि हळूच डावीकडे फिरवले.