फ्लेक्काचं पांढरं

४ मार्च
रविवारी परीक्षा! योरुनबाई येणार — कुत्र्यांच्या संघाच्या परीक्षक. फ्लेक्काची उंची, कान, शेपटीचा वेढा, मागच्या पायांची जादा बोटं, सगळं चोख आहे. घोडं अडलंय ते पांढऱ्यावर. नियम म्हणतो, पांढरा असावा, पण निम्म्याहून जास्त नसावा. आमची बया बरोबर निम्म्यावर आहे. की थोडी पलीकडे? मी मोजणार नाही!

सात वर्षांची झाली. पहिल्या बाळंतपणाला आधीच उशीर झालाय. रविवारी नापास झाली तर पिल्लं नाहीत, आणि बाबांच्या कुत्र्यांचा वंश माझ्या अंगणात संपला. बाबांची सगळी कुत्री पांढऱ्या तोंडाची. डोंगरावर धुकं उतरलं की मेंढ्यांच्या आधी ते तोंड दिसायचं, आणि बाबा म्हणायचे, "चला, आता घरी पोचलोच."

५ मार्च
एविन्द म्हणतो, "कॉफीत बुचकळून काढू का तिला?" स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की मटणाचं सूप नाकात गेलं. नवऱ्याची मदत ही अशी.

७ मार्च
आजच नेमकी मेंढ्यांची गर्भतपासणी! पोटात एक कोकरू असेल तर पाठीवर लाल ठिपका, दोन असली तर निळा. फ्लेक्का ओल्या रंगाच्या मेंढ्यांमध्ये घुसली आणि बाहेर आली ती निळीशार. उजवी मांडी, पोट, शेपटीचं टोक. साबण झाला, माझा शांपू झाला, भांड्यांचं लिक्विड झालं. रंग जाईना. मी न्हाणीघरात बसून रडले. तिने माझं तोंड चाटलं. आता माझी हनुवटीही निळी.

८ मार्च
पास! पास! पास!

योरुनबाईंनी चष्मा चढवला आणि पहिलाच प्रश्न, "हा निळा कुठला?" मी खरं ते सांगितलं. दारातून एविन्द ओरडला, "बाई, तपासून झालंय, दोन आहेत तिला!" बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मात्र गंभीर झाल्या. तीन फेऱ्या मारल्या. लांबून बघितलं, जवळून बघितलं, केस उलटे करून बघितले. माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाल्या, "निळा नियमात बसत नाही. पण निळ्याला पांढरा तरी कसा म्हणू?" आणि लिहिलं — पांढरा: निम्मा.

बाईंनी मी तळलेल्या गोड क्लेइना चार खाल्ल्या, दोन खिशात टाकल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, "नर मात्र गडद बघा हं. अंगावर भरपूर रंग असलेला." मी हो हो म्हटलं. आज मी कशालाही हो म्हटलं असतं.

९ मार्च
खाडीपलीकडे एक गडद तपकिरी कुत्रा आहे म्हणे. असेल. तोंडावर पांढऱ्याचा टिपूस नाही. मला बाबांच्या कुत्र्यांचं तोंड हवंय! ते आहे शेजारी, सोर्लीच्या कुत्र्याकडे, स्त्रूतुरकडे. गळ्याभोवती पांढरा पट्टा, तोंड पांढरं, छाती पांढरी.

सोर्ली आढेवेढे घेत बसला. "अगं हाल्बेरा, पांढऱ्यावर पांढरं चढवू नये. पिल्लांचे कान जातात, बहिरी निपजतात. माझी आजी सांगायची."

"तुझी आजी कॉफीच्या गाळात भविष्यसुद्धा बघायची."

"बघ बाई. मी सांगायचं काम केलं."

"तू शेजारी आहेस की नियमावली?"

शेवटी म्हणाला, "परवा आण." चाळीस वर्षांचा शेजार आहे, मला नाही म्हणणं त्याला कधी जमलेलं नाही.

११ मार्च
जमलं. सोर्ली आणि मी कुंपणापाशी दुसरीकडे तोंड करून हवापाण्यावर बोलत होतो.

१३ मे
गोठ्यात आज नऊ मेंढ्या व्यायल्या, आणि फ्लेक्का स्वयंपाकघरात, माझ्या रबरी बुटांशेजारी! चार पिल्लं. तीन तांबूस, पांढऱ्या तोंडाची — अगदी बाबांची! चौथी पोरगी जवळजवळ सगळीच पांढरी, एका डोळ्यावर तेवढा डाग. बाबा कुत्र्यांना रंगावरून नाव द्यायचे. हिचं नाव म्योल. ताजा पडलेला बर्फ. दोन दिवस झोप नाही, हाताला कोकरांचा वास, आणि मी गातेय. एविन्द म्हणतो, गाऊ नकोस, मेंढ्यांचं दूध आटेल.

२ जून
डोळे केव्हाच उघडलेत सगळ्यांचे. दिवसभर एकमेकांच्या शेपट्या ओढतात. कामं पडलीत, पडू देत.

१९ जून
म्योल कुणाला द्यायची नाही. ठरलं. इतक्या पांढरीला संघाचे कागद मिळणार नाहीत, न मिळोत. स्वभाव काय शांत! एविन्दने आज दुधाची किटली पाडली, तिघं टेबलाखाली पळाली, ही झोपलेली. ट्रॅक्टर सुरू झाला तरी झोपलेली. "ही राणी आहे," मी म्हटलं. "आळशी आहे," एविन्द म्हणाला. दोन्ही चालेल.

१ जुलै
स्त्रूतुरच्या वाट्याचं पिल्लू निवडायला सोर्ली आला. त्याने टाळी वाजवली. तिघं वळली. पुन्हा वाजवली, म्योलच्या पाठीमागे, अगदी जवळ. ती गवताच्या पात्याशी खेळत राहिली.

सोर्लीने हात खिशात घातले. आजीचं नाव काढलं असतं तर बरं झालं असतं. चूक माझी, फक्त माझी.

मग तिने सहज मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. धावत आली, पाय एकमेकांत अडकले, पडली, उठली, पुन्हा धावली. संध्याकाळपर्यंत आम्ही हाताच्या तीन खुणा शिकायला घेतल्या. तिला तिन्ही आल्या. मला अजून एक नीट जमत नाही.