बागेच्या पहिल्या ओळीतली माझी जागा

मी, महानंदा शिवमूर्ती बिराजदार, वय अडुसष्ट, धंदा शेती आणि वाइन, राहणार निलंगा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि जीभ तिच्याहून शाबूत. आज सकाळीच एका पिंपातली वाइन आंबट होऊ घातल्याचे मी नुसत्या चवीवरून सांगितले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मला दाबणारा अजून जन्मायचा आहे.

कलम एक. माझी द्राक्षबाग, शेड, टाक्या व पिंपे माझ्यामागे स्वप्नालीला मिळावीत. स्वप्नाली ही माझे धाकटे दीर बसलिंगप्पा यांची मुलगी. मला मूलबाळ नाही. वकीलसाहेब म्हणाले, कारण लिहून ठेवा. तर ऐका.

यजमान गेल्यावर मी काळ्या द्राक्षांची वाइन करायला घेतली. दीर दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, लिंगायताच्या घरात दारू? त्यापरीस ऊस लावा की गप." मी ऐकले नाही. तेव्हा त्यांनी गावात सांगून टाकले, "तिच्या बागंत कोन्ही तोडणीला जायाचं न्हाई." ऐन तोडणीत बाग ओस पडली. द्राक्षे वेलीवरच राहिली, उन्हाने सुरकुतली, निम्मी बेदाणा झाली. मी बांधावर बसून रडले, हेही लिहिते.

शेवटी गावाला न जुमानता शेजारची केवळाबाई आली आणि बापाची नजर चुकवून स्वप्नाली आली. तिघींनी ते सुकलेले घड तोडले. त्यातून रस निघाला थोडासाच, पण काकवीसारखा दाट. त्याची जी गोड वाइन झाली, ती पुण्याच्या स्पर्धेत पहिली आली! परीक्षकांनी विचारले, द्राक्षे वेलीवर सुकवायची युक्ती कोणाची? मी म्हणाले, आमच्या दिरांची.

कलम दोन. स्वप्नालीने वाइन घटाघटा पिणाऱ्याला विकू नये. पेला आधी पांढऱ्या कपड्यापुढे धरावा, रंग पाहावा. मग नाक. लाल वाइनला पिकल्या जांभळाचा आणि लवंगेचा वास आला पाहिजे, गोड वाइनला अंजिराचा. मग घोट जिभेवर खेळवावा, आणि गिळल्यावर गप्प बसावे. खरी चव त्यानंतर येते. देवापुढे ती मी कधी ठेवली नाही, तिनेही ठेवू नये. देवाचे देवाला, जिभेचे जिभेला.

कलम तीन. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. म्हणून दीर बसलिंगप्पा यांना यात काही नाही. त्यांचे त्यांना हयातीतच दिले आहे. बक्षिसाची बातमी कळल्यावर ते आले, बराच वेळ टोपी चाळवत बसले आणि म्हणाले, "पिनार न्हाई. वास घेतला तर चालतंय का?" मी पेला पुढे केला. त्यांनी नाक घातले ते काढीनातच.

"लई ग्वाड वास हाय वो, वैनी. काय घातलं हिच्यात?"

"तुमचा बहिष्कार," मी म्हणाले.

ते हसले. डोळे पुसून हसले. चाखण्यातले निम्मे काम नाकाचे असते, म्हणजे माझ्या हिशेबाने दिरांनी वाइन चाखली. तो पेला मी त्यांनाच देऊन टाकला. माझी जन्माची हौस फिटली.

कलम चार. तरीही माणसाचा भरवसा नाही, उसाचा भाव तर मन फिरवतोच. आपल्यात जाळत नाहीत, हातात लिंग देऊन बसवून पुरतात. मला बागेच्या पहिल्या ओळीत, वेलींकडे तोंड करून बसवावे. वर चौथरा नको, वेल चढवावी. पुढे ज्याला बाग मोडून ऊस लावायचा असेल, त्याने आधी माझ्यापुढे येऊन, "वैनी, उठा," असे म्हणावे. मी उठले तर खुशाल लावावा.

हे मृत्युपत्र दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून त्यावर सही केली आहे.

महानंदा शिवमूर्ती बिराजदार
ठिकाण: निलंगा, जि. लातूर
दिनांक: ९ मार्च २०२५

साक्षीदार:
१. केवळाबाई मारोती कांबळे (डाव्या हाताचा अंगठा)
२. बसलिंगप्पा संगप्पा बिराजदार (वाचून सही केली. उठवणार नाही.)