विम्याचा पाहुणा

१२ नोव्हेंबर, बुधवार
कामरगाव. सकाळी संत्र्याच्या बागेत एक फळ तोडायला वर पाहिलं आणि जमीन फिरली. नऊ वर्षं विमान चालवलेला माणूस, स्वतःच्या बागेत झाडाला मिठी मारून बसलो. पंधरा मिनिटं. उलटी. उजव्या कानात शिट्टी. आईनं लांबून पाहिलं. पाण्याचा तांब्या ठेवून गेली.
बाबांना आणि गावाला अजून 'लांब सुट्टी'च सांगितलंय. आईला तेवढं 'कानाचं जरासं' म्हणालोय.

१४ नोव्हेंबर
विम्याची फाइल पुन्हा वाचली. नोकरी लागली तेव्हा हसत हसत सही केली होती. आजारपणामुळे वैमानिकाला उडता येईनासं झालं, तर पगाराचा काही भाग दरमहा, बरीच वर्षं. वैद्यकीय मंडळानं मला अपात्र ठरवलंच आहे. आता कंपनीची खात्री पटली पाहिजे.
अडचण एकच. दिसतो धडधाकट. पाय मोडला असता तर प्लास्टर दाखवलं असतं. चक्कर कुठून काढून दाखवू? क्लेम नाही झाला तर चौतिसाव्या वर्षी बापाच्या बागेवर पोसला जाणारा मुलगा. आजारापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते, हे इथे तरी कबूल करावं.
आईच्या हाताची चव गेली की काय? रोज भाजी अळणी. बोललो नाही. वाईट वाटेल तिला.

१९ नोव्हेंबर
घरात काहीतरी शिजतंय. पडदे धुतले गेले, नव्या कपबशा खाली आल्या, बाबा मिशीतल्या मिशीत हसतात. शेवटी जेवताना आईच्या तोंडून निघालं, "स्टँडवर एक माणूस आला होता म्हने. तुही चौकशी करून गेला. किन्हीराजाकडचे पाव्हने असतील."
म्हणजे त्या गावाकडून सोयरीक. आई इतकी खूश बऱ्याच दिवसांनी दिसली. मी मान खाली घालून अळणी भाजी खाल्ली. पोरीच्या बापाला काय सांगायचं, या विचारानं दुपार गेली.

२५ नोव्हेंबर
कंपनीची मेल. 'स्थानिक चौकशीत असे आढळले की, दावेदार नियमित ट्रॅक्टर चालवतो, विहिरीत पोहतो, झाडावर चढतो, त्याची प्रकृती उत्तम आहे.' खुलाशाला पंधरा दिवस.
तीनदा वाचलं. ट्रॅक्टरला गेल्या तीन महिन्यांत हात लावला नाही. विहिरीत तर शाळा सुटल्यापासून उतरलो नाही.
मग डोक्यात प्रकाश पडला. किन्हीराजाचे पाहुणे!

२५, संध्याकाळ
स्टँडवर गजूकाकांच्या खताच्या दुकानात गेलो. चौकशीला आलेला माणूस त्या दिवशी त्यांच्याच बाकावर बसला होता.
"कोण आहे ते सांगितलं नाही त्यानं?"
"नाई ना बावा! म्हने, जराशी चौकशी होती. पोरगं कसं हाय, पिते का, चष्मा हाय का, चक्कर-गिक्कर येते का. आता हे कोन इचारते? पोरीवालेच इचारतात! मंग म्या कायले कमी सांगू? चहा पाजला त्याले, वरून ट्रॅक्टरबी म्याच चढवला तुह्यावर."
झाडावर चढण्याचं शेजारच्या टपरीवाल्यानं घातलं म्हणे. एकानं सुरू केल्यावर दुसरा मागे कशाला राहील. उपवर पोराची चौकशी आली की आमच्याकडे अख्खं गाव त्याचा काका होतं. मला हसू आलं, आणि ते थांबेना. काका घाबरले. मग त्यांना सगळं सांगितलं. कान, मंडळ, विमा. कुणालाही पहिल्यांदाच.
काकांनी खताच्या पोत्यावरून हात फिरवला. "मंग बोलाव त्याले परत. सांगतो का पोट्टा अर्धा मेला हाय."
म्हटलं, तसं नको. जे पाहिलंय तेवढंच सांगा.
"म्या तं काईच नाई पाह्यलं. तू दाखवलं कुठी?"
चूक त्यांची कमी, माझी जास्त.

२६ नोव्हेंबर
बाबांना सांगितलं. ते बागेतलं ओलीत-पाणी बघायला म्हणून उठून गेले. दुपारी परतले तेव्हा एवढंच, "तू मले पयलेच सांगाले पाह्यजे होतं, बापू." राग नव्हता त्यात. राग परवडला असता.
कंपनीला खुलासा पाठवला, पुन्हा चौकशी करा म्हणून विनंती केली. चक्कर डोळ्यांनी पाहिलेली एकटी आई. तिला म्हटलं, तो परत आला तर तू सांगशील का?
"मायनं आपल्या तोंडानं लेकराचं अभद्र सांगाव काय? मी नाई सांगत." कपबशा वर ठेवायला लागली. एक फुटली.

८ डिसेंबर
आला. तोच माणूस, या वेळी ओळखपत्र दाखवून. गजूकाका स्वतः स्कूटरवर घेऊन आले, आणि दारातच म्हणाले, "ट्रॅक्टरचं म्या खोटं सांगतलं होतं, सायेब. लिहा." मग बाहेर जाऊन उभे राहिले.
त्यानं आईला विचारलं, घरचे म्हणून तुम्हाला काही सांगायचंय? मी तिच्याकडे पाहिलं नाही.
"सकाळी भितीले हात लावून मोरीपर्यंत जाते," आई म्हणाली. "वर पाह्यलं का पडते. डॉक्टरच्या कागदावर मीठ कमी लिहेल हाय. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला म्या. दोन महिने झाले, त्याच्या भाजीत मीठ टाकत नाई. त्यानं मले सांगतलं नाई, म्या त्याले नाई सांगतलं."
कागदावरचं ते पथ्य मी कधी नीट वाचलंच नव्हतं. माणूस लिहीत होता. मग फॉर्मचा रकाना आला. मुलगा काय करतो?
"पायलट हाय," आई लगेच म्हणाली. सवयीनं. थोड्या वेळानं, "होता, लिहा."
हा शब्द मी स्वतः अजून एकदाही उच्चारलेला नाही. डावा कान चांगला आहे, त्यामुळे नीट ऐकू आला.

२० डिसेंबर
निर्णय नाही. 'आपला दावा विचाराधीन आहे.' गावात आता सगळ्यांना माहीत. कुणी काही विचारत नाही. मला तरी हेच बरं.
सकाळी बागेत विमानाचा आवाज. मी खालीच पाहत राहिलो, सवय झालीय. आई शेजारी उभी राहून, कपाळावर हात धरून वर पाहायला लागली.
"पांढरी रेघ सोडून राह्यलं," म्हणाली. "जराशी वाकडी."
मी विचारलं, कोणत्या बाजूला चाललंय?
"थांब," ती म्हणाली, "अजून दिसून राह्यलं."