शिंप्याच्या घरची चिकटवलेली पाल

सोमवार, ३ तारीख
नातीला पाल व्हायचंय! शनिवारी शाळेत वेशभूषा स्पर्धा. सूनबाई म्हणाली, "अगं, परी हो, फुलपाखरू हो." — "नाही. पाल." का, तर पाल गप्प बसते, बोलावं लागत नाही.
गेल्या वर्षी सूर्यफूल होती. स्टेजवर तोंड उघडेना, मग रडली, मग पाकळ्यांसकट ओली झाली. यंदाही तसंच झालं तर पोर जन्मात स्टेजवर पाय ठेवायची नाही.
भाड्याने पाल मिळत नाही. फार तर मगर, तीही मोठ्या मापाची.

मंगळवार, ४
शिंप्याचं घर, आणि शिवायला कोणी नाही! ह्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, मला साधं बटण लावायला शिकवलं नाही. मी शिकले ते वाचायला — कापड गुंडाळून यायचं त्या जुन्या वर्तमानपत्रांवरून. अर्ध्या बातम्या फाटलेल्या. अजून कित्येक खुनी सापडायचे राहिलेत.
ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मशीनही गेलं. राहिला एक सदरा, दुसरं बटण नसलेला. साहेबांना स्वतःसाठी सवड कुठे होती! माझ्या उशीच्या अभ्र्यात असतो, न धुतलेला. सूनबाईने एकदा धुवायला मागितला, तर अंगावर धावून गेले. त्याच्याशिवाय मला झोप नाही. ह्यांना कळतं तर म्हणाले असते, "वेडे, घामट होतो गं मी!"

बुधवार, ५
अंगाला मोडक्या छत्रीचं करडं कापड. ते कडेने उसवत नाही, म्हणून बरं. मधोमध डोक्यापुरतं भोक पाडलं, बाजूंना डिंक लावला. डिंक निम्मा कापडाला, निम्मा मला. डोळे बाटलीच्या झाकणांचे.
शेपटीला एक पँट सापडली, गिऱ्हाईकाने कधी न नेलेली. एक पाय कापला, टोकाला सुतळी आवळली. कापताना वाटलं, आता तो मेला पँट न्यायला येणार!
नातीला म्हटलं, यात रद्दी भर. तर दार लावून बसली. "आजी, पालीचं गुपित असतं."

गुरुवार, ६
झोप छान लागली. उशी मात्र कुरकुरते. की माझीच मान?

शनिवार, ८
शेपटी दोन सेफ्टी पिनांवर. "टाके हवे होते," सूनबाई म्हणाली. मी न ऐकल्यासारखं केलं.
नात स्टेजवर भिंतीला चिकटून उभी. एक मिनिट. दोन. वळायला गेली आणि — धप्प! शेपटी खाली. सगळे हसले. मी खुर्चीतून अर्धी उठले.
तिने शेपटीकडे पाहिलं. मग लोकांकडे. खणखणीत आवाजात म्हणाली, "घाबरू नका. पालीची तुटतेच. तिला काही होत नाही."
टाळ्या! बक्षीस परीला मिळालं. मिळू दे मेलीला.

रविवार, ९
रद्दी काढायला शेपटी सोडली. आतून ह्यांचा सदरा निघाला.
"आजोबा मागे असले की भीती वाटत नाही," नात म्हणाली. उशीचा अभ्रा उघडला. आत रद्दी, नीट घडी घातलेली.
म्हणजे बुधवारपासून चार रात्री मी वर्तमानपत्रांवर घोरत होते.