अमावास्येला मोकळ्या फिरलेल्या मागाची नोंद रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. उत्पादन व्यवस्थापक,
यंत्रमाग साडी कारखाना,
वडगाव, बेळगाव.

विषय: माग क्रमांक चौदा माझ्याच हाती ठेवण्याबाबत.
संदर्भ: देखरेखीच्या सॉफ्टवेअरने काढलेला व आपण सही केलेला बदलीचा आदेश.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर मागावर मी साड्या विणते. माझ्याआधी तो माझ्या सासूबाई अंबूबाई चालवीत. आता मला घडी विभागात पाठवून माग 'सक्षम कामगारास' देण्याचा आदेश झाला आहे. कारण, ज्येष्ठ अमावास्येच्या मानाने माझे काम फार घसरले आहे.

त्या अमावास्येचा खुलासा करणे भाग आहे. आम्हा विणकरांत अमावास्येला विणत नाहीत, माग पुसून पूजा करतात, हे आपण जाणताच. परंतु माग थांबला की सॉफ्टवेअरच्या पडद्यावर लाल खूण येते आणि हेड ऑफिसचा फोन येतो. सबब मुकादम आण्णाप्पा यांनी तोडगा काढला. "आक्का, सूत न्हाय तर विणणं न्हाय. देवीलाबी कळतंय. मोकळा फिरू दे तुझा माग," असे ते म्हणाले. मलाही पटले. सूत काढले, हळदकुंकू वाहिले आणि माग दिवसभर मोकळा फिरला.

मागाला बसवलेली सॉफ्टवेअरची डबी फक्त आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या फेऱ्या मोजते. सूतच नसल्याने ते तुटले नाही, गाठ मारायला थांबावे लागले नाही. सॉफ्टवेअरने मला उत्कृष्ट कामगार ठरवले. आपण फलकावर माझा फोटो लावून पेढे वाटले.

आता सूत लावून विणताना धागा तुटतो. मी थांबून गाठ मारते, तर पडद्यावर 'कामगार निष्क्रिय' असे येते. गाठ न मारल्यास साडीला भोक पडेल, पण पडदा हिरवा राहील. आपणास नेमके काय हवे ते कळवावे. त्या दिवशीच्या साड्या कुठे ठेवल्या, अशी गोदामातून रोज विचारणा होते. शेजारच्या मागांवरील बायका माझ्याशी धड बोलत नाहीत, कारण त्यांनाही माझ्या त्या दिवसाची बरोबरी करायला सांगितले आहे. आण्णाप्पा तर मला पाहून वाट बदलतात.

महोदय, मला संताप आला आहे आणि वाईटही वाटते. दुसऱ्या कोणी मला मागे टाकले असते तर मी मुकाट्याने उठले असते. मला माझ्याच रिकाम्या मागाने हरवले आहे. हा माग मला सोडायचा नाही.

तरी त्या दिवसाची नोंद रद्द करावी. ते जमत नसल्यास मी घडी विभागात हजर होईन, आणि सर्वांत आधी त्या अमावास्येच्या साड्यांच्या घड्या घालून आपल्या टेबलावर ठेवीन.

आपल्या उत्तराची मागाजवळच वाट पाहणारी, आपली नम्र,
पूर्णिमा साईनाथ हावळ
वडगाव, दि. १४ जुलै २०२५

सोबत: त्या दिवशी विणलेली साडी, नमुन्यादाखल. पिशवी तेवढी परत मिळावी.